नकाशात आमची वस्ती दाखवा

(युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. कायद्यांची सालं आणि कलमं तेवढी नंतर कागद बघून घातली.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘मनोगत’ असं छापलंय. मनोगत साहित्यिकांना असतं. माझी तक्रार आहे, आणि तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून पिशवी भरून सातबारे घेऊन आलोय. मध्येच कागद काढून वाचीन. जांभया आल्या तर तोंडावर हात ठेवा, उठून जाऊ नका.

मी राहतो ते गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अलीकडं. भाताचा मुलूख. पावसाळ्यात धुकं बघायला मुंबईच्या गाड्या येतात आणि कणीस खाऊन जातात. गावाचं नाव घेत नाही. अर्ज चालू आहेत, आणि भाषण संपल्यावर तुम्ही लोकलनं घरी जाणार, मला एसटीनं तिथंच जायचंय. नावावाचून काही अडत नाही. कर्जतकडं जा, पनवेलच्या मागं जा, इगतपुरीला जा, तुम्हाला हेच गाव भेटेल.

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला माळ आहे. त्या माळावर आणि खालच्या भातखाचरांत आता बंगल्यांची स्कीम येतेय. कंपाउंड निम्मं उभं राहिलंय. फाट्यावर एसटीपेक्षा लांब बोर्ड लागलाय. बोर्डावर पांढऱ्या कपड्यातली एक बाई डोळे मिटून बसलीय आणि इथं मनःशांती मिळेल असं खाली लिहिलंय. बाजूला नकाशा. नकाशात धरण आहे, हायवे आहे, डोंगरावरचं देऊळ आहे, अठरा किलोमीटरवरची इंग्रजी शाळासुद्धा आहे. आमची चाळीस घरं नाहीत. विहार नाही, अंगणवाडी नाही. त्या जागी हिरवा रंग फासलाय. माझं पोरगं चौथीत आहे. ते म्हणालं, पप्पा, आपल्या घरावर झाडं लावलीत.

आता एक गोष्ट आधीच साफ करतो. गाव मोडतंय म्हणून मी इथं गळा काढायला आलेलो नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना गावाची जी सालं काढली, ती वाचून मी मोठा झालोय. शहरातले निसर्गप्रेमी आमच्याकडं येतात, ओढ्याचे फोटो काढतात, किती सुंदर गाव होतं हो म्हणतात. कुणासाठी सुंदर होतं? त्या सुंदर गावात माझी आजी विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतील तेव्हा पाणी. हिरवळीवर आमचं प्रेम नाही असं नाही, पण हिरवळीत आम्ही नेहमी राबणारेच होतो. तेव्हा सिमेंटचं आम्हाला वावडं नाही. आम्हालाही स्लॅबचंच घर पाहिजे. बंगले बांधायचे तर बांधा. मी एवढंच विचारतो : कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या सहीवर, आणि कुणाची वाट अडवून?

आधी जमीन घेऊ.

स्कीममध्ये गेलेल्या गटांपैकी दोन आमचे आहेत. महार वतनाचे. तुमच्यातल्या निम्म्यांना वतन म्हणजे सरदार-इनामदारांचा शब्द वाटत असेल. आमचं वतन वेगळं. 1874 च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी ते कागदावर बांधून टाकलं. महारानं सांगावा न्यायचा, सारा पोचवायचा, वेस राखायची, अंमलदार आला की त्याचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. रात्री-अपरात्री बोलावणं आलं आणि घरात गडी नसला तर म्हाताऱ्यानं जायचं. बदल्यात गावानं नको म्हणून टाकलेली चतकोर जमीन आणि बलुत्याची भाकर. त्या चतकोरापायी माणूस गाव सोडत नव्हता. हा खुंटा उपटावा म्हणून बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. त्या कायदेमंडळानं ते तडीला जाऊ दिलं नाही, बिल मागं घ्यावं लागलं. वतनं गेली ती बाबासाहेब गेल्यावर, 1958 च्या कनिष्ठ गाववतनं नाहीशी करणाऱ्या कायद्यानं.

त्या कायद्याची रीत अशी. जमीन आधी सरकारजमा. मग ठरलेली रक्कम भरली की त्याच वतनदाराला परत, पण शर्तीवर : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. सातबारावर ‘नवीन शर्त’, ‘भोगवटादार वर्ग 2’ असं दिसतं ते हे. पुढं शेतीसाठी विकण्यापुरती शर्त सैल केली, बिनशेती करायची तर मात्र बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत नजराणा सरकारात भरावा लागतो. कागदावर ही शर्त आमची ढाल आहे. व्यवहारात ढाल कुणाच्या हातात असते ते बघा. वर्ग 2 म्हणून बँक कर्ज देताना तोंड वाकडं करते, गरजवंत माणूस सावकाराकडं जातो, सावकार शंभराच्या स्टँपवर अंगठा घेतो. तीस वर्षांनी तो स्टँप एजंटाच्या बॅगेतून निघतो.

एजंट. हा प्राणी तुम्ही ओळखून ठेवा. आमच्या गटाला पणजोबाचं नाव. त्यांची चार पोरं, त्या पोरांची पोरं, असं करत आज वारस त्रेसष्ट. गावात राहतात एकोणीस. बाकीचे पिंपरीत, उल्हासनगरात, चेंबूरला, एक सुरतेला. माझ्या भावकीची वंशावळ मला तोंडपाठ नाही, एजंटाच्या फोनमध्ये आहे. कोण दारू पितो, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोण हप्ते थकवून बसलाय, सगळं आहे. तो चाळीत जातो. ‘गावाकडं तुमचा हिस्सा आहे, माहीत होतं का?’ नव्हतं. ‘दीड गुंठा येतो, त्यातही भांडणं, कोर्टात आयुष्य जाईल. हे पन्नास हजार घ्या.’ ज्याला काल काहीच नव्हतं त्याला आज पन्नास हजार आभाळातनं पडल्यासारखे वाटतात. तो सही करतो. कशावर करतो? कधी साठेखतावर, कधी हक्कसोडीवर, आणि बहुतेक वेळा कुलमुखत्यारपत्रावर. कुलमुखत्यार म्हणजे तुमचा हात कापून दुसऱ्याच्या खांद्याला लावायचा. पुढं तो हात कुठं कुठं सह्या करील ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

माझी आत्या उल्हासनगरला असते. तिला सांगितलं, वारसनोंद करायचीय, सरकारी काम आहे. गाडी घेऊन आले, जेवायला घातलं, साडी दिली, निबंधकाकडं नेऊन फोटो-अंगठा घेतला. सात महिन्यांनी फेरफाराची नोटीस गावच्या चावडीत लागली. नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. पंधरा दिवसांत उल्हासनगरच्या म्हातारीनं आमच्या चावडीचा फळा वाचायचा, असा कायद्याचा हिशोब आहे. आम्ही बाराव्या दिवशी बघितला. हरकत दिली, पोच घेतली, प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढं गेलं, आता प्रांताकडं अपिलात आहे. फेरफार म्हणजे मालकी नव्हे हे सगळी कोर्टं सांगत आलीत. पण फेरफार झाला की पोकलेन येतो, आणि पोकलेनला कोर्टाचं काय कळतंय?

हे खेड्यातच होतं असं समजू नका. 2025 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या 40 एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला. ती जमीन महार वतनाचीच. वर्तमानपत्रात चर्चा काय झाली? कुणाचा मुलगा, कुणाची कंपनी, स्टँपड्युटी 500 रुपये कशी. वतनदार कोण होते, त्यांचे वारस कुठल्या झोपडपट्टीत राहतात, हे चौथ्या पानावर दोन ओळीत. आमच्या जमिनीचं भांडणसुद्धा आमचं राहत नाही.

आणि हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण सह्या तुमच्याकडं आहेत. इथं बसलेल्या कुणाला पणजोबाचं गाव माहीत आहे? हात वर करा. बघा, निम्मेसुद्धा नाहीत. आजोबा गिरणीत आले, बाप बीएसटीत लागला, तुम्ही कॉम्प्युटरवर बसलात. बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितलं, सोडलंत, चांगलं केलंत. पण सातबारानं तुम्हाला सोडलेलं नाही. एक दिवस तुमच्या दारात गाडी थांबेल.

आता गायरान. आमच्या वस्तीची वरची ओळ, बावीस घरं आणि त्यामागची वावरं, गायरानात आहेत. चोरून नाही. दादासाहेब गायकवाडांनी 6 डिसेंबर 1964 ला भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात आमच्या वस्तीचे तिघे होते. सुटून आले आणि त्यांनी माळाचे दगड वेचून नाचणी पेरली. पुढं 1991 च्या नोव्हेंबरात सरकारनं निर्णय काढला : 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 ह्या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी कसलेली गायरानं नियमित करा. 14 एप्रिल 1990, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. तारीख कशी झकास निवडलीय! आमच्या लोकांनी अर्ज दिले. पंचनामे झाले, दंडाच्या पावत्या फाटल्या. त्या पावत्या ह्या पिशवीत आहेत, प्लॅस्टिकात घालून ठेवल्यात. फाईल मात्र तालुक्याच्या कपाटात गेली ती गेलीच.

मग 28 जानेवारी 2011 रोजी सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल आला : गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. 2022 साली मुंबई हायकोर्टानं स्वतःहून विषय हातात घेतला. राज्यात गायरानांवर दोन लाखांवर बांधकामं आहेत असं सरकारनं सांगितलं आणि वर्षाच्या अखेरीला घराघरावर नोटिसा चिकटल्या. आमच्या बावीस दारांवरही. मी तो जगपाल सिंगचा निकाल मिळवून, डिक्शनरी घेऊन वाचला. शेवटी त्यात लिहिलंय की अपवाद करायचाच तर भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं पट्टे दिलेत तिथं करावा. आमचे अर्ज त्या पट्ट्यांसाठीच पडलेत. ऑफिसात निकालाचं पहिलं पान सगळ्यांना पाठ, शेवटचं कुणी उलटत नाही.

ह्याच गायरानातून स्कीमचा नऊ मीटर रुंद रस्ता गेलाय. त्याला कुणी अतिक्रमण म्हटलं नाही. त्याला ‘पोहोच रस्ता’ म्हणतात. बघा भाषा. आम्ही राहिलो तर अतिक्रमण, त्यांची गाडी गेली तर पोहोच. शहरात गुंठेवारीचा कायदा आला 2001 साली, त्याची मुदत 2021 मध्ये वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. त्या गुंठ्यांतही गरिबांची घरं आहेत, मला त्यांच्या पोटावर मारायचं नाही. मी फक्त तारखा बघतोय. शहराची तारीख वीस वर्षं पुढं सरकते. आमच्या नाचणीच्या वावराची तारीख 14 एप्रिल 1990 ला खिळा ठोकून बसवलीय.

तुम्ही म्हणाल, घरकुल आहे की. आहे. रमाई आवास आहे, प्रधानमंत्री आवासचे 1 लाख 20 हजार आहेत. पण घरकुलाला स्वतःच्या नावची जागा लागते. जागा नसली तर घ्यायला पैसे देण्याचीही योजना आहे : 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला आधी 50 हजार होते, पुढं वाढवून 1 लाख केले. 500 चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा भरत नाही. आणि ज्या दिवशी फाट्यावर तो बोर्ड लागला त्या दिवसापासून आमच्याकडं गुंठा बोलतो तो लाखांत, एक-दोन लाखांत नव्हे. भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देणारी दादासाहेबांच्याच नावाची योजना 2004 पासून आहे. सरकारी दरात आमच्या भागात एकर सोडा, बांधसुद्धा मिळत नाही. योजना मेलेली नाही, बोर्डानं तिचा गळा दाबलाय.

2020 साली स्वामित्व योजना निघाली. ड्रोननं गावठाण मोजायचं आणि घराघराला मिळकतपत्रिका द्यायची. आमच्या गावातही ड्रोन आला. पोरं त्याच्यामागं धावली. गावठाणाची चुन्याची रेघ वस्तीच्या खालच्या ओळीपाशी संपते. ड्रोन तिथवर आला, वळला, परत गेला. वेशीबाहेरचे आम्ही आभाळातूनसुद्धा वेशीबाहेरच! त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आम्ही भीमनगर झालो. कमान आली, रंग आला. कमानीखालची जमीन कुणाची, हे अजून कोरं आहे.

वाटेचं सांगतो. ओढ्याच्या काठाला आमची स्मशानभूमी. गावाची वेगळी, पत्रा-शेड असलेली, आमची वेगळी, नुसते चार दगड. तिकडं जायची पायवाट खाचरांच्या कडेनं होती. कोणत्याही सातबारावर नाही, पण माझ्या पणजोबाला त्याच वाटेनं नेलं. कंपाउंडची भिंत त्या वाटेवर बसली. गेल्या आषाढात वस्तीतली एक म्हातारी वारली. गेटवर सांगितलं, साहेबांना फोन करतो. साहेब फोन उचलेनात. पाऊस धो धो. शेवटी आम्ही तिरडी उचलून डांबरी रस्त्यानं, फाट्याला वळसा घालून, तीन किलोमीटर नेली. बाजूनं गाड्या जात होत्या. एकानं काच खाली करून व्हिडिओ घेतला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तालुक्याला गेलो. तुम्हीही लिहून घ्या, कुठंही उपयोगी पडेल. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. वहिवाटीची वाट किंवा पाणी अडवलं तर तहसीलदाराकडं दावा करायचा, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने गेले की हात चोळत बसा. आणि अॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा, 2015 ची दुरुस्ती धरून : कलम 3(1)(एफ) आणि (जी) जमीन बळकावणं, हुसकावणं, आणि (झेडए) सामाईक जागा, स्मशान, पाणवठा, रस्ता वापरायला आडकाठी करणं. हे कलम इतकं स्पष्ट असून ठाण्यात सांगितलं, ‘ह्यात जातीवाचक शिवी कुठाय?’ त्यांच्या डोक्यात अॅट्रॉसिटी म्हणजे शिवी. भिंत शिवी देत नाही ना! दावा दाखल झाला. अजून निकाल नाही. भिंतीत आता एक लोखंडी दार आहे, चावी वॉचमनकडं असते.

वॉचमन कोण? माझा धाकटा भाऊ.

हसू नका, मी सरळ सांगतोय. आमचा पणजोबा वेसकर होता. रात्री वेशीवर बसायचा, कोण आलं कोण गेलं बघायचा, गावच्या लेखी तो माणूस नव्हता, दाराची कडी होता. भावाला निळा युनिफॉर्म आहे, शिट्टी आहे, एजन्सी बारा तासांचे पैसे देते, त्यातून बुटांचे कापून घेते. तो ज्या जमिनीच्या गेटवर बसतो त्या गटात त्याचाही दीड गुंठा आहे. पण त्याला जाऊन मी नोकरी सोड म्हणणार नाही. वस्तीतल्या अकरा बायका पलीकडच्या जुन्या स्कीममध्ये धुण्याभांड्याला जातात. भातलावणीला गुडघाभर चिखलात उभं राहून मिळायचं त्यापेक्षा जास्त आणि रोजच्या रोज मिळतं, शिवाय पाटलिणीचं तोंड बघावं लागत नाही. ‘स्कीम बंद पाडा’ म्हणून मी घोषणा दिली तर पहिली चप्पल माझी वहिनी काढील, आणि तिचं बरोबर असेल. ज्यांना पुण्यामुंबईत बसून सगळे प्रकल्प रद्द करायचेत त्यांनी आधी आमच्या बायकांशी बोलावं.

पाण्याचं दोन वाक्यांत. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर किंवा बोअर घ्यायची नाही असा नियम 1993 च्या कायद्यापासून आहे. स्कीमच्या तीन बोअरपैकी एक आमच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर आहे, आणि आमची विहीर पूर्वी मेमध्ये आटायची ती आता मार्चमध्ये आटते.

आता गावाचं, म्हणजे वरच्या आळीचं. त्यांनी जमिनी विकल्या. जोरात विकल्या. गाडी आली, बंगला आला, पोराच्या गळ्यात साखळी आली. पाच-सात वर्षांत पैसा संपला आणि ज्याच्या पन्नास खाचरं होती तो आज जेसीबीचं भाडं मागत फिरतो. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण जमीन गेल्यावर त्याच्याकडं जात उरली, आणि ती तो विकत नाही.

भिंत उभी राहिली तशी त्यांचीही ढोरांची वाट बंद झाली, ओढ्याचं पाणी गढूळ झालं. मग ‘गाव बचाव’ निघालं. एका रविवारी वरच्या आळीचे पंधरा लोक आमच्या वस्तीत आले. चहा प्यायले. आमच्याच कपातून. म्हाताऱ्या दारात उभ्या राहून बघत होत्या, काय नवल म्हणून. ‘आता जातपात काय घेऊन बसलात, सगळं गाव एक झालं पाहिजे,’ असं म्हणाले. मी म्हटलं, एकदम मान्य. निवेदनात घाला : एक, गायरानातली बावीस घरं नियमित करा. दोन, स्मशानाची वाट नकाशावर आणा. तीन, वतनाच्या गटातले व्यवहार तपासा. मग बाकी सगळं, ओढा, ढोरं, देवराई, आमच्या सह्या तयार आहेत.

सभा देवळाच्या मंडपात झाली. आम्ही आत जाऊन बसलो, हेही नवीनच. निवेदन वाचून दाखवलं. ओढा होता, देवराई होती, गावची संस्कृती होती, बाहेरच्या लोकांमुळं बिघडणारं वातावरण होतं. आमचं एकही कलम नव्हतं. विचारलं तर सरपंचाचा चुलता शांतपणे म्हणाला, ‘बाबा, गायरानाचं त्यात घातलं तर सगळं फिस्कटेल. आधी बिल्डर हटवू, मग तुमचं बघू.’

आधी आणि मग. आधी स्वराज्य, मग तुमचं. आधी संयुक्त महाराष्ट्र, मग तुमचं. आधी क्रांती, मग तुमचं. हे ‘मग’ कुठल्या कॅलेंडरात येतं ते मला एकदा दाखवा. बिल्डरच्या नकाशात आम्ही हिरवा रंग आहोत. गावाच्या निवेदनात आम्ही सह्यांची संख्या. आम्ही उठलो. सही केली नाही. वर्षभर दुकानात उधारी बंद होती, एकाची दुधाची किटली रस्त्यावर ओतली. तरी केली नाही.

आम्ही आमचं निवेदन वेगळं दिलं. त्यात स्कीम रद्द करा असं लिहिलेलं नाही. लिहिलंय की लेआऊटच्या मंजूर नकाशावर लगतची वस्ती, गायरानातली घरं, स्मशान, विहीर आणि पायवाट ही सगळी प्रत्यक्ष मोजून दाखवा, आणि ती दाखवल्याशिवाय पुढची परवानगी देऊ नका. लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सगळी भिंतीच्या आत, कारंज्यासाठी. त्यातली वाटेपुरती पट्टी ओढ्याच्या बाजूला काढा. एवढं साधं मागणं. गावठाणाबाहेरच्या लेआऊटला मंजुरी ग्रामसभा देत नाही, वरचं प्राधिकरण देतं, म्हणून ते निवेदन ग्रामपंचायतीला फक्त माहितीसाठी दिलं आणि मूळ प्रत वर नेली. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी एका भल्या कारकुनानं सांगितलं, तोंडी बोलू नका, मोजणीची फी भरा. वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी सगळ्यात आधी दिली. माझ्या भावानंही दिली, एजन्सीच्या पगारातून.

तुमच्याकडून मला टाळ्या नकोत, चार कामं हवीत. तुमच्यातले जे वकिली शिकताय त्यांनी त्रेसष्ट वारसांची यादी घेऊन घरोघर जायचं आणि कुणी कशावर सही केलीय त्याच्या नकला जमवायच्या. प्रत्येकानं घरी जाऊन आजोबांचं गाव, गट नंबर, आणि इंग्रजांच्या काळातल्या वतन रजिस्टरातलं नाव विचारायचं. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, नंतर फक्त एजंटाला माहीत असेल. आणि नातेवाइकांना निरोप द्या : कुलमुखत्यारपत्रावर अंगठा उठवायच्या आधी एक फोन करा. मी रात्रपाळीला असलो तरी उचलीन.

राहिलं चौथं. भात कापून झाल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी लागलीय. नोटीस आलीय. मोजणीच्या दिवशी स्कीमची माणसं वीस-पंचवीस असतात, वरची आळी बघायला येते, आणि आमच्या बाजूनं फक्त बायका आणि म्हातारे, कारण गडी कामावर. खुणेचा दगड कुठं रोवला जातो तिथं आपली माणसं उभी पाहिजेत, फोनमध्ये शूटिंग घेणारी, पंचनामा वाचल्याशिवाय सही न करणारी. पंधरा जण आले तरी पुरे. स्वारगेटवरून पहिली गाडी पहाटे साडेपाचची आहे, फाट्यावर उतरा, बोर्डावरच्या बाईच्या डाव्या हातानं चालत या. दुसरी गाडी अकराची. तिनं येऊ नका, तोवर दगड रोवून झालेले असतात.